लाल लुगड्याच्या पट्ट्या

जुईला उचलायचं तर दोन हात लागत. एक काखेखाली, दुसरा प्लास्टरच्या बुडाखाली. तिच्या दोन पायांच्या मधोमध प्लास्टरातच एक आडवी काठी बसवलेली होती. ती धरून पोरीला उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी परत परत बजावलं होतं, आणि नेमकी तीच काठी येणाऱ्याजाणाऱ्याला मुठीसारखी दिसायची.

"काठीला हात नको! काठीला नको!" तृप्ती पलंगावरून ओरडली.

"अगं, नाही धरत. बाप आहे मी तिचा," शेखर म्हणाला आणि त्यानं लेकीला उचलून कडेवर बसवलं. छातीच्या खालपासून घोट्यांपर्यंत पांढरं कवच. त्यावर शेखरनंच स्केचपेननं काढलेले ट्रॅक्टर आणि निकिताआत्यानं काढलेली फुलपाखरं. पाय बेडकासारखे फाकलेले. कडेवर बसायला मात्र ते अगदी बेतून घेतल्यासारखे.

"आई घे," जुई म्हणाली.

"आईच्या पोटात बाळ आहे ना राणी? बाबा घेतो."

"बाळ खाली ठेव. मला घे."

तृप्तीला हसू आलं. सातवा महिना चालू होता. भरली बादलीसुद्धा उचलायची नाही, असं तिच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मग प्लास्टरातली पोर तर लांबच. जन्मल्यापासून जी पोर तिच्या अंगाला वेलीसारखी लागून होती, तिला आता दुसरे उचलणार, दुसरे कूस बदलणार, प्लास्टरच्या कडेतून छोटा डायपर दुसरेच सरकवणार, आणि तिनं खुर्चीत बसून नुसतं "हळू, हळू" म्हणायचं. आपलीच लेक आपल्याला लांबून बघावी लागते, हे तिला अजून अंगवळणी पडत नव्हतं.

खिडकीबाहेर द्राक्षबाग होती. ऑक्टोबरची छाटणी होऊन मणी वाटाण्याएवढे झाले होते. थंडी नुकती कुठं बोचायला लागली होती. बांधाशी मोकळ्या जागेत मांडव घातला होता, झोपाळ्याला झेंडूच्या माळा चढत होत्या. तृप्तीचं डोहाळजेवण बागेत करायचं, हा निकिताचा हट्ट. आणि त्या सगळ्या गडबडीत, डाव्या पायावर झुकत झुकत, कुसाआजी तारांवर वेलीच्या काड्या बांधणाऱ्या बायांच्या मागं लागली होती.

"ए, आवळतीस काय अशी? गाठीत बोट शिरलं पायजे बोट! काडीला फुगाया जागा नको व्हय? गळा धरलास तू तिचा."

तृप्तीनं खिडकीतून ते ऐकलं आणि मान फिरवली.

काड्यांच्या गाठीत बोटाएवढी जागा ठेवायला लावणाऱ्या या बाईनं, घरातलं एकही बाळ तेवढं सैल बांधलं नव्हतं.

कुसाबाई म्हणजे शेखरच्या आजोबांची बहीण. जन्मतानाच आई गेली. चालायला लागली ती झुकतच, आणि साऱ्या गावानं ठरवून टाकलं, की आईवेगळ्या पोरीला बांधायला कोणी नव्हतं, म्हणून पाय असा राहिला. लग्न झालं नाही. भावाच्या घरात राहिली, आणि त्या घरात जन्मलेलं प्रत्येक मूल तिनं आपल्या मांडीवर घेऊन बांधलं. पाय ओढून सरळ करायचे, गुडघ्याला गुडघा लावायचा, आणि मऊ लुगड्याच्या पट्टीनं कमरेपासून पावलांपर्यंत वेढे द्यायचे. बांधताना तोंडानं ओवी चालायची:

सरळ राहो गं काठी, सरळ राहो गं चाल,
बांधिते मी बाळाला, लुगडं माझं लाल.

आपला पाय दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये, एवढंच तिचं मागणं. जुईलाही तिनंच बांधलं होतं, जीव लावून.

मग जुई चालायला लागली ती झुलत. साऱ्या घराला कौतुक. "कुसाआजीची चाल उचलली गं पोरीनं!" शेखरनं व्हिडिओ काढले, गावभर पाठवले. कुसाआजीनं त्यावरही ओवी रचली:

हळू टाक गं पाऊल, जुई माझ्या अंगणात,
हंस झुलतो पाण्यात, जुई झुले पैंजणात.

पुढे लस द्यायला गेल्यावर एका नव्या डॉक्टरनं पोरीला खोलीभर चालायला लावलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. मग नाशिकला मोठे डॉक्टर, एक्स-रे, ऑपरेशन. खुब्याचा गोळा आपल्या वाटीत बसलेलाच नव्हता. "पायाळू होती ना जन्मताना?" डॉक्टरांनी विचारलं होतं. "पहिली मुलगी. घरात आधी कोणाची अशी चाल आहे? आहे. आणि पाय सरळ करून बांधत होतात? हं. कशानं किती झालं, ते कोणीच सांगू शकणार नाही. पण पुढच्या बाळाला बांधू नका."

हे घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त कुसाआजीला नव्हतं.

"ठरलं ना मग?" तृप्तीची आई ललिताबाई पिशवी खाली ठेवत आत आल्या. चांदवडहून सकाळच्याच गाडीनं आल्या होत्या, आणि आल्यापासून त्यांच्या तोंडात एकच विषय. "जेवणं झाली की तुला आणि जुईला घेऊन मी निघते. बाळंतपण माझ्याकडं."

"मम्मी, जुईचंही इथंच झालं, आणि दुसरं तर सासरीच करतात," तृप्ती म्हणाली.

"करतात ते करू देत. इथं राहिलीस तर बाळ दुसऱ्या दिवशी त्यांच्या मांडीवर जाईल. तू आंघोळीला गेलीस की बांधून मोकळ्या होतील. तोंडानं सांगायची तर तुमच्या घरात कोणाची छाती नाही."

शेखरनं जुईला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मम्मी, तिला सांगून काय मिळणार? या वयात? झालं ते काय परत येणार आहे? त्यापेक्षा तृप्ती तुमच्याकडे राहिली तर बरंच."

"आणि जुईला तिथं कोण उचलणार?" तृप्तीनं विचारलं. "मम्मीच्या पाठीला पट्टा आहे. मला उचलायचं नाही. तू इथं द्राक्षांच्या पॅकहाऊसवर. पुढच्या महिन्यात प्लास्टर बदलायचंय नाशिकला. सांग ना, कोण उचलणार?"

शेखरनं लेकीच्या केसांत नाक खुपसलं. हा प्रश्न विचारला की तो नेहमी तेच करायचा.

सगळं येऊन तिथंच थांबत होतं. इथं राहायचं तर कुसाआजीला सांगायला हवं. सांगायचं नसेल तर चांदवड. आणि चांदवडला गेलं की जुई बापाच्या हातांवाचून, सासूबाईंच्या हातांवाचून पलंगावर पडून राहणार. एक माणूस दुखवायचं, की एक पोर. तृप्ती कितीतरी दिवस त्या दोन टोकांच्या मधे बसून होती.

"चला, चला!" निकिता दारात आली, हातात फुलांचा मुकुट आणि हेअर ड्रायर. "वहिनी, मुकुट तुला. ड्रायर हिला. जुईबाई, कुठं खाजतंय?"

"आत," जुई म्हणाली.

"आत तर आत." निकितानं थंड वारा प्लास्टरच्या कडेतून पाठीवर सोडला. जुईनं डोळे मिटून घेतले, जणू कोणी तिच्या जन्माचं भलं केलं.

*

मांडवात शेजारपाजारच्या बाया जमल्या. हिरव्या साडीतली, फुलांच्या दागिन्यांनी लगडलेली तृप्ती झोपाळ्यावर बसली. तिच्या पायाशी मोठ्या गुबगुबीत गादीवर जुई, राणीच्या थाटात टेकून. सवाष्णींनी ओट्या भरल्या. खण, नारळ, तांदूळ. कुसाआजी मांडवाच्या खांबाशी पाट घेऊन बसली होती. ओटी भरायला ती कधीच पुढे यायची नाही. लग्न न झालेल्या बाईचा तो मान नाही, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. तिच्या मांडीवर एक गाठोडं होतं, आणि त्यावर तिनं हात असा ठेवला होता, की आत काहीतरी झोपलेलं असावं.

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातले खंडेराव कमरेवर हात ठेवून, वाकडेतिकडे होत आले.

"उज्ज्वला, पोर कुठं हाय? लचक भरली गं. पायाळूची लाथ बसली तर मोकळं व्हईल."

बायांमध्ये हशा पिकला. प्लास्टरच्या आधी जुईची ही प्रॅक्टिस जोरात होती. अर्ध्या शिवाराच्या कमरांना तिच्या पावलानं गुण आला होता.

"खंडेराव, दवाखाना बंद आहे," तृप्तीच्या सासूबाई, उज्ज्वला, म्हणाल्या. "डॉक्टरच प्लास्टरमध्ये आहेत."

"मंग नुसतं पाऊल लाव म्हणावं."

शेखरनं जुईला अलगद उचललं, आणि खंडेराव तिच्यापुढे पाठ करून गुडघ्यावर बसले. जुईनं प्लास्टरबाहेर आलेल्या पावलाची बोटं त्यांच्या कमरेला लावली आणि गंभीरपणे म्हणाली, "झालं. पैसे दे." मग तर मांडवच हलला.

त्या हसण्यात निकितानं ताटात दोन पालथ्या वाट्या तृप्तीपुढं आणल्या. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. जे निघेल त्यावरून मुलगा की मुलगी, हा खेळ. तृप्तीनं डावीकडची उचलली. रिकामी. उजवीकडची उचलली. रिकामी.

सगळ्यांच्या नजरा खाली वळल्या. जुईच्या दोन्ही गालांत काहीतरी होतं, आणि ओठांना खवा.

"हिला वाट्यांजवळ कोणी ठेवलं?"

"मी," शेखर म्हणाला. "मला काय माहीत, पालथं पडून सरकते ते!"

"सरकते?" तृप्तीनं विचारलं. "कधीपासून?"

"आजपासूनच बहुतेक."

तृप्तीनं लेकीकडं पाहिलं. एवढं ओझं अंगावर घेऊन, कोपरांवर स्वतःला ओढत पोर मिठाईपर्यंत गेली होती. कोणाला न सांगता. तिच्या मनात आलं, हिला लवकर कोणी थांबवू शकणार नाही. आणि हे मनात येताच आतल्या बाळानंही एक टाच मारली.

बाया पांगायला लागल्या, घरची माणसं तेवढी उरली. मग कुसाआजी उठली. झुकत झुकत आली आणि तृप्तीच्या शेजारी झोपाळ्यावर बसली.

"ओटीचा मान माझा नाय," ती म्हणाली. "पण हे माझं."

तिनं गाठोडं सोडलं. आत लाल पट्ट्या होत्या. लांबच लांब, सारख्या रुंदीच्या, धुऊन धुऊन लोण्यासारख्या मऊ. कडेनं बारीक टाके घातलेले; काही ठिकाणी टाके वाकडे गेले होते, डोळ्यांनी साथ सोडली होती तिथं.

"हे कोणतं लुगडं?" सासूबाई जवळ आल्या, आणि त्यांचा आवाज उतरला. "आत्याबाई, हे तर तुमच्या पेटीतलं."

"हां. माझ्या आयचं. एवढं एकच राह्यलं व्हतं. म्हनलं, ठेवून तरी काय करू." तिनं एक पट्टी तृप्तीच्या मांडीवर पसरली. "मागच्या टायमाला माझी चूक झाली. सव्वा महिन्यात सोडलं मी जुईला. थंडीचे दिस, हिची दया आली. तितंच नडलं बघ. आता ह्या बाळाला तीन महिने सोडायची नाय. गुडघ्याला दोन येढे, खुब्याला चांगले तीन. पाय कसा काठीवानी व्हईल. ह्या लेकराला नाय प्लास्टरात जाऊ देणार मी."

शेखरनं तृप्तीकडं पाहिलं आणि मान किंचित हलवली: घे, ठेवून दे, नंतर बघू.

"नाही हो, कुसाबाई," ललिताबाईंना राहवलं नाही. "बस झालं आता. तुम्हाला कोणी सांगत नाही म्हणून..."

"मम्मी, थांब," तृप्ती म्हणाली.

"का थांबू? माझ्या नातीला..."

"मम्मी. मी सांगते."

तिनं पट्टी हातात घेतली. तो मऊपणा हाताला लागला आणि शब्द मागं सरले. पण समोर जुई गादीवर पडून बोटं चाटत होती, आणि तिच्या दोन पायांमधली ती काठी उन्हात चमकत होती.

"कुसाआजी, या बाळाला बांधायचं नाही."

"आं? का गं?"

"बाळाचे पाय पोटात दुमडलेले असतात. ते ओढून सरळ केले, घट्ट बांधले, की खुब्याचा गोळा वाटीतून सरकू शकतो. डॉक्टरांनी सांगितलं. जुईचा खुबा आधीच सैल असणार. पायाळू होती, पहिली मुलगी, आणि घरात आधीपासून तशी चाल. त्यात बांधलं. कशानं किती झालं, ते त्यांनाही सांगता येत नाही. पण या बाळाचे पाय मोकळे ठेवायचे."

लांब हायवेवर टेम्पोचा हॉर्न वाजला आणि विरून गेला.

"म्हंजी मी केलं," कुसाआजी म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"तुम्ही एकट्यांनी नाही." सासूबाई खाली, जमिनीवरच बसल्या. मघापर्यंत त्या ललिताबाईंच्या शेजारी होत्या. आता कुसाआजीच्या गुडघ्याशी आल्या. "पोर तुमच्या मांडीवर मीच आणून द्यायचे, आत्याबाई. घट्ट बांधा म्हणायचे, म्हणजे शांत झोपेल. शेखरला बांधलं, निकिताला बांधलं, काही झालं नाही. मला काय ठाऊक? हात तुमचे होते, पण पोर माझ्या हातांतून गेलं."

कुसाआजीनं ते ऐकलं की नाही कळेना. ती जुईकडं बघत होती.

"घरात आधी कुनाची चाल म्हनलीस. ती माझीच ना?"

"हो."

"मला तर कुनीच बांधलं न्हवतं."

"न बांधताही होतं, आजी. जन्मतःच असतं कधी कधी."

"म्हंजी माझं बी हेच व्हतं. हिचं हाय तेच."

"तेच असणार."

कुसाआजीनं जुईच्या प्लास्टरावरून नजर फिरवली. मग तिनं हळूच, जणू दुसऱ्याच कोणासाठी विचारावं तसं विचारलं, "मंग ह्या प्लास्टरानं माझा बी पाय बसला असता?"

शेखरनं डोळ्यांनी तृप्तीला विनवलं. नाही म्हण. एवढं एक नाही म्हण. तृप्तीच्याही ओठांवर ते आलं होतं. पण त्या म्हाताऱ्या डोळ्यांत तिला जे दिसलं, त्याला खोटं देता येईना.

"बसला असता, कुसाआजी. लहानपणी कोणाला कळलं असतं, तर बसला असता."

कुसाआजीनं मान डोलावली. परत डोलावली. पट्टीची कड बोटांनी सारखी केली.

"दोघं जण बघाया आले व्हते मला," ती म्हणाली. "बसले व्हते तवर पसंत व्हते. चहा आनाया उठले, तसं काम बिघाडलं." आणि थोडं थांबून, "त्यातला एक निफाडचा व्हता. मिशावाला. बरा व्हता दिसाया."

निकिताच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याच श्वासात ती रडायला लागली. "कुसाआजी, काय गं हे!"

"मंग? बराच व्हता. खोटं कशाला सांगू." कुसाआजीनं पदरानं डोळे नाहीत, नाक पुसलं. ललिताबाईंनी मान खाली घातली होती. सकाळपासून घडी करून ठेवलेले सगळे शब्द त्यांच्या तोंडात होते, पण ते आता कोणावर टाकावेत, हे त्यांना कळेनासं झालं होतं.

कुसाआजी पट्ट्या गोळा करायला लागली. एक एक, हातावर गुंडाळत.

"मंग आता मी काय करू?" ती म्हणाली. त्यात रुसवा नव्हता. खरोखरच ती विचारत होती. "ह्या घरात पोरं झाली, कुनी न्हाऊ घातलं, कुनी कडेवर मिरवलं. मला कडेवर घेता येत नाय. तोल जातो, पोर पडंल. एकबी पोर मी आजवर कडेवर घेतलं नाय. बसून बांधायचं, तेवढंच माझं व्हतं. आता तेबी गेलं म्हंजी..."

तृप्तीच्या काळजात लख्ख झालं. इतके दिवस तिला वाटत होतं, कुसाआजीला दोष लागेल याचं दुःख होईल. दुःख हे होतं. पोर हाताशी असून उचलता न येणं. घरात असून नुसतं बघत राहणं. हे दुःख गेले दीड महिने तृप्ती स्वतः खुर्चीत बसून प्याली होती. कुसाआजी ते आयुष्यभर पीत होती.

"आजी घे," खालून जुई म्हणाली. तिला कोणाचं काय चाललंय याच्याशी घेणं नव्हतं. गादीवर पडून कंटाळा आला होता.

"मला नाय गं घेता येत, बाई."

"येतं," तृप्ती म्हणाली. "चालायचं कशाला? बसूनच घ्या. इथंच, झोपाळ्यावर." ती बाजूला सरकली. "डॉक्टर म्हणाले ना, बाळाला घ्यायचं तर असंच घ्या, पाय फाकवून, कडेवर. तेच सगळ्यात चांगलं. प्लास्टरमध्ये तिचे पाय तसेच तर आहेत. शेखर, आण तिला."

"काठीला हात नको," कुसाआजी एकदम म्हणाली.

"नाही धरत गं," शेखर म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. त्यानं जुईला उचललं, दोन हातांनी, काखेखाली आणि बुडाखाली, आणि कुसाआजीच्या उजव्या कुशीला आणून टेकवलं. एक पाय पुढं, एक पाय मागं. प्लास्टर तिच्या कमरेला असं बसलं, जसं तिथलंच माप घेऊन केलं होतं.

कुसाआजीनं दोन्ही हातांनी पोरीला धरलं, ताठ, भेदरून.

"जड हाय गं. घसरती. शेखऱ्या, सोडू नको."

"सोडलेलं नाही."

"पडंल ती. माझ्या हातात तेवढा जोर नाय." तिची नजर इकडंतिकडं धावली आणि मांडीवरच्या लाल गुंडाळीवर थांबली. "तृप्ते, हे घे. बांध."

"जुईला?"

"नाय. मला. आमाला दोघींना."

तृप्तीनं पट्टी उलगडली. उचलायला तिला बंदी होती. बांधायला कोणी बंदी केली नव्हती. तिनं लाल पट्टी जुईच्या पाठीमागून घेतली, कुसाआजीच्या कमरेभोवती फिरवली, परत पुढं आणली. तिच्या पोटावरून, आतल्या बाळाला वळसा घालून हात पोचत नव्हते, तेव्हा पलीकडचं टोक ललिताबाईंनी धरलं. पाठीचा पट्टा सांभाळत त्या वाकल्या होत्या.

"इकडून घे," त्या लेकीला म्हणाल्या. मग कोणाकडं न बघता, "बाळंतपणाला मीच येऊन राहीन इथं. महिनाभर."

"या की," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मला भांडायला कोणीतरी पाहिजेच आहे."

दुसरी पट्टी, तिसरी. कुसाआजी हलत नव्हती. आईच्या लुगड्याचे वेढे तिच्या अंगाभोवती पडत होते, आणि ती मान जरा वर करून, पोरीच्या केसांवर हनुवटी टेकून बसली होती, न्हाऊ घातलेलं लेकरू बसतं तशी.

तृप्तीनं गाठ मारली.

"घट्ट झालं का, आजी?"

"बोट घालून बघ," कुसाआजी म्हणाली. "शिरलं पायजे."

तृप्तीनं लुगड्याच्या आत बोट घातलं. शिरलं. बोटाच्या एका अंगाला प्लास्टर गार लागलं, दुसऱ्या अंगाला कुसाआजीची कंबर ऊबदार.

"आता झोका दे," जुईनं हुकूम सोडला.

शेखरनं झोपाळ्याला हात लावला. झेंडूच्या माळा हलल्या. कुसाआजीनं गुणगुणायला तोंड उघडलं, पण जुनी ओवी काही ओठांवर आली नाही. मग तिनं नुसताच सूर धरला, आणि शब्द काय येतात त्याची वाट बघत, पोर कडेवर घेऊन झुलत राहिली.